‘न्यू’ लिहिलं आणि वॉर्निंग गेली

प्रोग्रामिंगच्या इंटरव्ह्यूत ओव्हररायडिंग (वारशानं आलेली मेथड, म्हणजे क्लासमधलं फंक्शन, मुलाच्या क्लासनं बदलणं) आणि हायडिंग (त्याच नावाच्या दुसऱ्या मेथडनं ती नुसती झाकणं) यांतला फरक विचारला की मी एका दमात म्हणून दाखवायचो: ओव्हररायडिंगचा निकाल रनटाइमला (प्रोग्राम चालताना), हायडिंगचा कंपाइल टाइमला (त्याआधी, कोड तपासला जाताना). नुसतं पाठ होतं. जावा ही भाषा सोडून सी शार्पवर आलो आणि पितळ उघडं पडलं.

‘रिपोर्ट’ या बेस क्लासमध्ये (म्हणजे बापाच्या क्लासमध्ये) ‘गेटटायटल’ नावाची व्हर्च्युअल, म्हणजे मुलाला ओव्हरराइड करता येणारी मेथड होती, रिकामी स्ट्रिंग परत करणारी. मी ‘मंथलीरिपोर्ट’ या त्याच्या मुलाच्या क्लासमध्ये त्याच नावाची मेथड लिहिली. जावाच्या सवयीनं वाटलं, झालं ओव्हरराइड. कंपायलरनं सीएस०११४ वॉर्निंग दिली: ही मेथड वारशानं आलेल्या मेथडला झाकतेय, ‘ओव्हरराइड’ लिहा, नाहीतर ‘न्यू’. मी घाईत ‘न्यू’ लिहिलं. वॉर्निंग गेली, टेस्टही पास.

आणि छापून आलेल्या प्रत्येक रिपोर्टचं शीर्षक कोरं!

दीड तास टेम्प्लेट उकरत बसलो. शेवटी ब्रेकपॉइंट (प्रोग्राम मध्येच थांबवणारी खूण) लावला, तर माझ्या मेथडकडे कोणी फिरकतच नव्हतं. टेस्टमधल्या व्हेरिएबलचा टाइप ‘मंथलीरिपोर्ट’ होता, छपाईचा लूप मात्र ‘रिपोर्ट’च्या लिस्टवर फिरत होता. ऑब्जेक्ट तोच, पण हाक बापाच्या नावानं, म्हणून ओ बापच द्यायचा. ‘ओव्हरराइड’ लिहिलं की व्हीटेबलमधली (कोणती मेथड बोलवायची याच्या तक्त्यातली) बापाची जागा मुलाची मेथड घेते. ‘न्यू’नं ती जागा जशीच्या तशी राहते.

जावात मेथडपैकी फक्त स्टॅटिक (ऑब्जेक्टची नव्हे, क्लासची) मेथडचं हायडिंग होतं, शिवाय फील्डचंही. तिथली एक गंमत: व्हेरिएबलमध्ये नल, म्हणजे कुठलाच ऑब्जेक्ट नसताना त्यावरून स्टॅटिक मेथड बोलवा, नल पॉइंटर एक्सेप्शन (ऑब्जेक्ट नसल्याची एरर) येत नाही. ऑब्जेक्ट आहे की नाही हे बघायला कोणी जातच नाही, नुसता टाइप बघून काम भागतं.

सी शार्पमध्ये ‘ओव्हरराइड’ मुद्दाम लिहावं लागतं याचा मला आधी राग यायचा. पण उद्या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत, बेस क्लासमध्ये, नेमकी माझ्याच मेथडच्या नावाची मेथड आली, तर ती माझ्या नकळत ओव्हरराइड होऊ नये, हा त्यामागचा हिशोब. पटला.

दुरुस्ती एका शब्दाची झाली: ‘न्यू’च्या जागी ‘ओव्हरराइड’. सीएस०११४ आता आमच्या प्रोजेक्टमध्ये एरर आहे, पण ‘न्यू’ लिहिणाऱ्याला तीही अडवत नाही. म्हणून टेस्टमधल्या व्हेरिएबलचा टाइप मी ‘रिपोर्ट’ करून टाकला.