वर्षाला आठ तास: अमेरिकेतला नियम आणि आपल्याकडचा होमलोन एजंट

मराठवाड्यात होमलोनच्या फायली करायला परवाना लागत नाही. बँकेशी किंवा हाउसिंग फायनान्स कंपनीशी करार झाला, डीएसए (बँकेसाठी कर्जाचे ग्राहक आणणारा एजंट) कोड हातात पडला, की लॉगिन, म्हणजे अर्ज दाखल करणं, सुरू. विमा विकणाऱ्याला परीक्षा आहे. फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटाला महारेरा या गृहप्रकल्प नियामकाचं २० तासांचं प्रशिक्षण आणि वर परीक्षा आहे. थकलेला हप्ता मागायला दारात जाणाऱ्या वसुली एजंटालासुद्धा आयआयबीएफ या बँकिंग शिक्षणसंस्थेचं प्रमाणपत्र लागतं. कर्ज घेतानाच्या टेबलावर ग्राहकाच्या शेजारी बसून 'इथं सही करा' म्हणणाऱ्याला मात्र काहीच लागत नाही.

अमेरिकेत हेच काम करणाऱ्याला लोन ओरिजिनेटर म्हणतात आणि त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. घरकर्जांचा फुगा फुटल्यानंतर २००८ साली, जुलैअखेर, 'सेफ अ‍ॅक्ट' आला. त्यानुसार परवान्याआधी २० तासांचं शिक्षण घ्यायचं, राष्ट्रीय परीक्षेत ७५ टक्के गुण मिळवायचे, आणि परवाना मिळाल्यावर दर वर्षी ८ तास पुन्हा शिकायचं. परीक्षेत नापास झाला तर ३० दिवस थांबायचं. लागोपाठ तिसऱ्यांदा नापास झाला तर १८० दिवस. एक पळवाट आहे आणि ती मोठी आहे. बँकेच्या पगारावर असलेल्याला फक्त नोंदणी करावी लागते, परवाना नाही आणि वर्षाचे आठ तासही नाहीत. कायदा खरा लागू होतो तो बिगरबँक कंपन्या आणि ब्रोकर यांच्या माणसांना.

त्या आठ तासांची वाटणी ठरलेली आहे: ३ तास केंद्रीय कायदे, २ तास नीतिमत्ता (फसवणूक, ग्राहकसंरक्षण आणि भेदभाव न करणं यात येतं), २ तास अपारंपरिक कर्जप्रकार, १ तास ऐच्छिक. काही राज्यं आपली भर घालतात. न्यूयॉर्कचा परवाना असेल तर तिथल्या कायद्याचे ३ तास वेगळे, म्हणजे एकूण ११.

माझ्या मते तासांच्या आकड्यापेक्षा त्याच्याभोवतीच्या अटी जास्त शिकण्यासारख्या आहेत. मागच्या वर्षी केलेला कोर्स लगेच पुढच्या वर्षी पुन्हा चालत नाही. या वर्षी दहा तास केले म्हणून दोन तास पुढे ओढता येत नाहीत. हजेरी तुम्ही स्वतः कळवायची नसते. कोर्स घेणारी संस्था एनएमएलएस या देशव्यापी नोंदणी यंत्रणेत ती चढवते, त्यासाठी तिला ७ दिवसांची मुदत असते आणि तासामागे दीड डॉलर भरावा लागतो. शिकवणाऱ्याला मात्र एका तासाचे दोन तास मिळतात, आणि ते रास्तच आहे. आणखी एक बारकावा: ज्या वर्षी २० तासांचं शिक्षण पूर्ण करून परवाना मिळाला, त्या वर्षी हे आठ तास माफ असतात.

गोंधळ होतो तो मुदतीत. नूतनीकरण १ नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर. वर्षभर कुणी हलत नाही आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळे कोर्स शोधायला लागतात. ३० तारखेला कोर्स संपला, संस्थेने पाच दिवसांनी नोंद चढवली, की परवाना १ जानेवारीला निष्क्रिय. मग हातातल्या फायली दुसऱ्याकडे. म्हणून यंत्रणा स्वतःच सांगते की डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत उरका. मुदत गेली तर बहुतेक राज्यांत फेब्रुवारीअखेरपर्यंत परवाना जिवंत करण्याची खिडकी असते. पण तेव्हा नेहमीचा कोर्स चालत नाही. 'उशिराचा' म्हणून मान्य झालेला वेगळा कोर्स करावा लागतो. चालू वर्षाचा साधा कोर्स केला तर तो नव्या वर्षात जमा होतो आणि जुनी थकबाकी तशीच राहते. पाच वर्षं परवान्याबाहेर राहिलं तर परीक्षा पुन्हा.

लोक शॉर्टकट मारतात हेही खरं. कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेमार्फत कोर्स न करताच हजेरी लावून घेतल्याचं प्रकरण निघालं आणि जानेवारी २०२२ मध्ये ४२ राज्यांतल्या नियामकांनी ४४१ जणांशी तडजोड केली. तीन महिने परवाना जमा, ज्या ज्या राज्यात परवाना त्या प्रत्येक राज्यासाठी हजार डॉलर दंड, आणि शिक्षण नव्याने. पाच राज्यांत काम करणाऱ्याला आठ तास वाचवण्याची किंमत पाच हजार डॉलर आणि एक रिकामी तिमाही पडली.

आता आपल्याकडे. कायदा येईल तेव्हा येईल. पण ही वाटणी घेऊन आपल्या कामाला लावून बघितली की कुठे कच्चे आहोत ते लगेच दिसतं.

तिकडच्या कायद्यात 'अपारंपरिक' कर्जाची व्याख्या एका ओळीची आहे: ३० वर्षांचं स्थिर व्याजदराचं कर्ज सोडून बाकी सगळं. या व्याख्येने आपल्याकडची जवळजवळ सगळी घरकर्जं अपारंपरिक ठरतात, कारण आपण फ्लोटिंगच विकतो. तिकडे ज्या विषयाला खास दोन तास ठेवलेत, तो आपल्याकडे 'रेट कमी-जास्त होतो बरं का' एवढ्या वाक्यात संपतो. आकडा बघा. ३० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के: हप्ता साधारण २६,०३५ रुपये. सुरुवातीलाच दर एक टक्का वाढला आणि हप्ता तोच ठेवला, तर २४० महिन्यांचे साधारण ३०९ होतात, म्हणजे पावणेसहा वर्षं जास्त. मुदत तीच ठेवायची तर हप्ता २७,९६४. फरक महिन्याला दोन हजारांच्या आतला. पंचेचाळीस वर्षांच्या ग्राहकाला हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवले, तर तो बहुतेक वेळा दुसरा निवडेल. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं, हे ग्राहकाला विचारायला हवं. हे माहीत असलेला एजंट तालुक्याच्या गावी किती ठिकाणी सापडेल, हा प्रश्नच आहे.

केंद्रीय कायद्याच्या तीन तासांची जागा आपल्याकडे रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं घेतात, आणि ती संकेतस्थळावर फुकट आहेत. चार तरी पाठ हवीत. पहिलं, १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' लागतं. त्यात व्याजासोबत प्रोसेसिंग फी, विमा, लीगल-टेक्निकलचा (कागद आणि मालमत्ता तपासणीचा) खर्च धरून एकूण वार्षिक दर लिहिलेला असतो, आणि ग्राहकाला विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळायला हवेत. अमेरिकेतही अर्ज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत खर्चाचा अंदाज द्यावा लागतो आणि अंतिम कागद सह्यांच्या तीन दिवस आधी. 'आजच सही करा, उद्या ऑफर संपते' म्हणणाऱ्या एजंटाला दोन्हीकडे जागा नाही. दुसरं, कर्जाचं प्रमाण: ३० लाखांपर्यंत घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. मुद्रांक आणि नोंदणी या किमतीत धरत नाहीत, अपवाद १० लाखांपर्यंतच्या घरांचा. बुकिंगच्या वेळी 'नव्वद टक्के होऊन जाईल' असं सांगून नंतर ग्राहक सावकाराकडे पळतो तो इथेच. तिसरं, व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. चौथं, कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, डिसेंबर २०२३ पासून.

नीतिमत्तेच्या दोन तासांबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. १९७४ च्या रेस्पा या घरखरेदी व्यवहारांच्या कायद्यानुसार अमेरिकेत ग्राहक पाठवल्याबद्दल कमिशन देणं-घेणं हा गुन्हा आहे, दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद. आपल्याकडे साइटवरच्या सेल्सवाल्याला पेआउटमधला (बँकेकडून मिळणाऱ्या कमिशनमधला) हिस्सा देणं ही रीत समजली जाते, आणि ग्राहकाला पत्ताच नसतो की त्याला एकाच बँकेकडे का ढकललं जातंय. उत्पन्नाच्या कागदांचंही तसंच. सोयाबीन-कापसावरचं घर, उत्पन्न खरं, पण कागद नाही. मग तीन वर्षांची विवरणपत्रं एकाच आठवड्यात भरली जातात. क्रेडिट विभागाला दाखल केल्याची तारीख पहिल्या नजरेत दिसते, फाइल तिथेच पडते, आणि पुढच्या अर्जालाही तो डाग चिकटतो. त्यापेक्षा आडत्याच्या पट्ट्या, दूध संघाची बिलं, कारखान्याची ऊसबिलं, बँक खात्यातली जमा हे खरे कागद गोळा करून उत्पन्नाचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडे फाइल न्यावी. दर थोडा जास्त लागतो, पण फाइल टिकते.

न्यूयॉर्कसारखे जादा तीन तास मराठवाड्यालाही हवेत, आणि ते जमिनीच्या कागदांसाठी. इथला इतिहास निजामाच्या महसुलाचा आहे, त्यामुळे पुण्या-नाशिकची चेकलिस्ट इथं अपुरी पडते. कुळाच्या जमिनीसाठी तिकडे १९४८ चा मुंबई कायदा बघतात. इथं हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० बघायचा, आणि कुळाने घेतलेल्या जमिनीच्या विक्रीसाठी त्यातलं कलम ५०-ब. सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास) तीस वर्षांचा असला तरी शंका असेल तिथं १९५४-५५ चं खासरा पहाणीपत्रक (त्या काळची जमिनीची नोंद) काढायला लावावं. इनाम असेल तर ते तिथं सापडतं. मदतमाश, खिदमतमाश (निजामकालीन इनामांचे प्रकार), देवस्थान, वक्फ यातलं काही निघालं किंवा सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' (हस्तांतरावर निर्बंध असलेली जमीन) दिसलं, तर लॉगिनच्या आधी थांबायचं. जमीन तशी असून वर एनए (बिगरशेती) लेआउट पडलेला, प्लॉट दोनदा विकलेला आणि चौथा माणूस होमलोनला आलेला, असं घडतं. लीगलमध्ये ते तिसऱ्या आठवड्यात निघतं आणि तोवर ग्राहकाने इसार दिलेला असतो.

संभाजीनगरात यात गुंठेवारीची, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेल्या प्लॉटांची भर. मूळ कायदा २००१ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायला वाव मिळाला. नियमितीकरणाचा अर्ज केल्याची पावती आणि नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. पावतीवर सँक्शन (मंजुरी) मिळालं तरी डिस्बर्समेंट (पैसे मिळणं) अडकतं. नोटरी केलेल्या बाँडपेपरवर घेतलेला प्लॉट तर मालकीचा कागदच नव्हे. नोंदलेलं खरेदीखत आणि त्याचा इंडेक्स २ (नोंदणीचा उतारा) नसेल तर ग्राहकाला पहिल्याच दिवशी तसं सांगावं.

हे सगळं कधी वाचायचं? मार्चमध्ये टार्गेट असतं, दसरा-दिवाळीत बुकिंग, गुढीपाडवा-अक्षय्य तृतीयेला ताबे. मोकळा काळ म्हणजे पितृपक्ष. पंधरा दिवस कुणी टोकन देत नाही. तेवढ्यात अकरा तास आरामात बसतात. एक वही करावी: तारीख, विषय, परिपत्रकाचा दिनांक, आणि त्यामुळे आपल्या चेकलिस्टमध्ये काय बदललं. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ते वाचन मोजू नये. मागच्या वर्षीचा विषय याही वर्षी धरू नये, परिपत्रक बदललं असेल तरच धरावा. चार-पाच डीएसए मिळून करत असतील तर प्रत्येकाने एक तास शिकवावा आणि हजेरी दुसऱ्याने लिहावी.

पहिल्या वर्षाच्या यादीत एक विषय हमखास सुटतो: नोटीस ऑफ इंटिमेशन. मूळ कागद ठेवून कर्ज घेतलं की महाराष्ट्रात ३० दिवसांच्या आत ही नोटीस दुय्यम निबंधकाकडे दाखल करायची असते, आणि जबाबदारी कर्जदाराची असते, बँकेची नाही. २०१३ पासून ती ऑनलाइन भरता येते. डिस्बर्समेंटचा चेक निघाला की एजंटाचं काम संपलं असं धरतात, त्यामुळे ती राहते. वहीत डिस्बर्समेंटच्या तारखेपुढे तीस दिवसांनंतरची तारीख लिहून ठेवावी आणि विसाव्या दिवशी ग्राहकाला फोन करावा.