अंतरपाटाच्या दोन बाजू

आमचे लग्न 1989 च्या मे महिन्यात सांगलीत झाले आणि ते तिथे हजर असलेल्या सगळ्यांना नीट आठवते. आठवत नाही ते फक्त आम्हा दोघांना. नवरानवरीला स्वतःचे लग्न पाहायला मिळत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. सकाळपासून पाटावर बसवलेले, होमाच्या धुराने डोळे चुरचुरणारे आणि भटजींनी सांगितले की हाताला हात लावणारे दोघे जण कार्यालयात काय चालले आहे ते कुठून पाहणार? त्यामुळे घरी नातेवाईक जमले आणि अल्बम निघाला, की पाने मी उलटते आणि लग्न बाकीचे सांगतात.

अल्बम जुन्या पद्धतीचा आहे. काळी जाड पाने, कोपऱ्यांत खोचलेले फोटो आणि दोन पानांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद. एका रोलमध्ये 36 फोटो निघत आणि वडिलांनी दोनच रोलांना परवानगी दिली होती. त्यांतले चार रुखवतावर खर्च झाले, कारण आत्याने काड्यापेटीच्या काड्यांचे तुळशीवृंदावन केले होते आणि ते सर्व बाजूंनी टिपले जाईपर्यंत तिने छायाचित्रकाराला हलू दिले नाही. कानपिळीच्या वेळी नेमका तो रोल बदलत होता. त्या फोटोची उणीव माझा धाकटा भाऊ दर वेळी स्वतः भरून काढतो. तो उठतो, यांचा कान धरतो आणि पुरता पिळतो. हेही तक्रार न करता मान वाकडी करतात. या कानपिळीबद्दल भावाला तेव्हा एकदा पोशाख मिळाला होता, कान मात्र अजून पिळला जातो आहे.

पंगतीच्या फोटोपाशी पान थांबते. मठ्ठा संपला होता, असे सासरकडचे काका म्हणतात. संपला नव्हता, वाढपी शेवटच्या पंगतीकडे फिरकले नाहीत, असे माझे मामा म्हणतात. फोटोत पानावर जिलबी दिसते, द्रोण दिसतो. द्रोणात काय आहे ते दिसत नाही. (मला विचाराल तर मठ्ठा संपला असावा, पण माहेरच्या बाजूने हे बोलायची सोय नाही.)

आमची म्हणावी अशी आठवण एकच, ती मंगलाष्टकांची. भटजींच्या आवाजात आणि हौशी मावश्यांच्या स्वरचित कडव्यांत जितका वेळ गेला, तितका वेळ माझ्या डोळ्यांसमोर अंतरपाटावरचे कुंकवाचे स्वस्तिक होते. त्याची खालची एक रेघ ओघळली होती आणि ती पुसावी की नाही, या विचारात मी शेवटचे 'सावधान' ऐकलेच नाही. अंगावर अक्षता पडल्या तेव्हा दचकले. हे मात्र ठामपणे सांगतात की अंतरपाट कोरा होता, त्यावर काहीही काढलेले नव्हते.

परवा नणंदेच्या मुलीने तो फोटो भिंगाखाली धरला. छायाचित्रकार बाजूला उभा होता. एका कडेला मी, दुसऱ्या कडेला हे, आणि मधला अंतरपाट म्हणजे नुसती एक उभी पांढरी रेघ.