साठ मिलिमीटरचा उतार

पुण्यातील एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या घराचे नूतनीकरण माझ्या देखरेखीखाली चालू होते. घरातल्या आजी वॉकर घेऊन चालतात आणि बाथरूमच्या आतल्या कोपऱ्यातल्या वॉश बेसिनपर्यंत जाताना त्यांना ओल्या फरशीवरून जावे लागे, म्हणून बेसिन दाराजवळ आणायचे ठरले. सांडपाण्याची पाइप 2.4 मीटर लांबवून फरशीखालून नहाणी ट्रॅपला, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याला, जोडायची, एवढेच काम आहे असे मी धरून चालले होते.

सकाळी फोडकाम सुरू झाले आणि तीन इंचांवर छिन्नीचा आवाज बदलला. कोबा संपून स्लॅब लागला होता. बाथरूमचा स्लॅब आठेक इंच खाली घेतलेला असेल, हे माझे गृहीतक होते. प्रत्यक्षात ट्रॅप स्लॅबमधून उतरून खालच्या घराच्या छताला लटकत होता, आणि खाली जाऊन ते छत मी आधी पाहिले नव्हते. ती चूक माझीच.

40 सेंटिमीटरला 1 सेंटिमीटर या हिशेबाने उतारालाच 60 मिलिमीटर हवेत, पाइपचा व्यास 40, शिवाय वर फरशी आणि तिच्याखालचा माल; हे सगळे 75 मिलिमीटरमध्ये बसणे शक्यच नव्हते. उतार कमी करावा, तर साबणाचा मेणचट थर आणि केस पाइपमध्ये साचून ती वर्षभरात तुंबणार.

"ताई, स्लॅबला खाच मारू का? वरून काही दिसणार नाही," मिस्त्री म्हणाले. मी ठाम नकार दिला. भिंतीलगत स्लॅबच्या वरच्या सळयांवर काँक्रीटचे आवरण जेमतेम 20 मिलिमीटर असते. खाच मारली की सळई उघडी पडते, आणि तीही जिथे रोज पाणी सांडते तिथे. भिंत साडेचार इंची होती. तिच्यात आडवी खाच जाडीच्या एक षष्ठांशाहून, म्हणजे सुमारे 19 मिलिमीटरहून, खोल घेता येत नाही. तोही मार्ग बंद झाला.

तेवढ्यात आजींनी दारातून विचारले, "अगं, साबण ठेवायला हाताशी काही करशील का? मला वाकवत नाही." त्यांच्या त्या प्रश्नात उत्तर होते. पाइप जमिनीत न गाडता भिंतीच्या पुढून न्यायची आणि तिच्यावर पाच इंच रुंदीचा, कमरेएवढा कट्टा बांधायचा.

पारदर्शक नळीत पाणी भरून, आतले बुडबुडे काढून मिस्त्रींनी दोन्ही टोकांना समपातळीच्या खुणा केल्या, आणि तिथून मोजून मी दर 40 सेंटिमीटरला 1 सेंटिमीटर खाली पेन्सिलीची खूण केली. ट्रॅपकडे वळताना काटकोनी एल्बोऐवजी 45 अंशांचे दोन बेंड घेतले, आणि बेसिनकडच्या टोकाला सफाईचे झाकण ठेवले. ही झाकणे वगळून दोनशे रुपये वाचवण्याची सवय मला मनापासून खटकते.

संध्याकाळी प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा ठेवून बेसिन काठोकाठ भरले आणि बूच काढले. पाणी गुडगुड न करता जाळीखाली उतरले. असे पाच वेळा केले, तरी कागद कोरडेच राहिले. भिंतीला मोजायची टेप लावून पाइपचा फोटो घेतला, कारण आजींच्या आधारदांड्यासाठी याच भिंतीला भोके पाडायची होती. मग मिस्त्रींनी कट्ट्याची पहिली वीट लावली.