गोंदूर, शिरपूर, थाळनेर: विमानं बघायला निघालेल्यांसाठी

वाढदिवसाला काय हवं ते लेकीने दोन महिने आधीच सांगून ठेवलं होतं. ड्रेस नको, घड्याळ नको, विमान उतरताना जवळून दाखव. आम्ही अमळनेरचे. गच्चीवर कपडे वाळत घालताना अधूनमधून डोक्यावरून एक बारकं विमान घरघरत जातं, लांब शेतांवर वळतं आणि आलं तसं परत जातं. ते मुंबई-दिल्लीचं नसतं, शिकाऊ वैमानिकांचं असतं. ते येतं कुठून, हा तिचा वर्षभराचा प्रश्न. ती नववीत आहे आणि पायलट व्हायचं म्हणते. जानेवारीतल्या एका शनिवारी मी भावाला म्हटलं, गाडी काढ. पहाटे साडेपाचला मी, ती आणि तिचा मामा असे तिघं निघालो.

खानदेशात धावपट्ट्या तीन. जळगावची सगळ्यांना माहीत आहे, २३ डिसेंबर २०१७ला लहान शहरांसाठीच्या उडान योजनेतलं तिथलं पहिलं विमान उतरलं. दुसरी धुळ्याला गोंदूरची आणि तिसरी शिरपूरजवळ तांडे शिवारात. आम्ही नंतरच्या दोन्ही बघायचं ठरवलं, कारण तिथे विमानं प्रवासी घेऊन येत नाहीत, तिथे माणसं उडायला शिकतात. पाऊस मोजका, वर्षातले आठ महिने आभाळ मोकळं, तापीकाठची जमीन सपाट, आणि मोठ्या विमानांची वर्दळ नाही. शिकणाऱ्याला आणखी काय हवं!

गोंदूरला पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं आणि शेतांवर धुक्याची चादर होती. तासभर थांबलो, एकही विमान हललं नाही. तेव्हा कळलं नाही, नंतर वाचून समजलं. शिकाऊ वैमानिक डोळ्यांनी जमीन आणि क्षितिज बघून उडतात, त्यासाठी साधारण ५ किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसावं लागतं. म्हणजे थंडीत अगदी पहाटे पोचून उपयोग नाही, ऊन चढून धुकं विरलं की या. लेक हिरमुसली. पण या जागेचा मान मोठा आहे, ते मी तिला तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. इथे मुलं शिकवत आलेला बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८चा. जे. आर. डी. टाटा त्याच क्लबात शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ला त्यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. पुढे १९३२मध्ये कराचीहून मुंबईला टपालाचं विमान आणलं तेही त्यांनीच. ‘म्हणजे टाटांच्या शाळेची धुळ्याची शाखा,’ ती म्हणाली. मला हे वाक्य फार आवडलं.

धुळ्यात चहा-पोहे घेऊन महामार्गाला लागलो. हातात दोन दिवस असतील तर धुळ्यालाच एक द्या. राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर या जुनी कागदपत्रं आणि हस्तलिखितं जपणाऱ्या दोन जागांसाठी लोक पुण्याहून येतात, आपण मात्र बायपासवरून निघून जातो. आम्हीही त्या दिवशी तेच केलं, त्याची रुखरुख आहे. सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी घ्यायला दहा मिनिटं थांबलो. नरडाणा मागे टाकून सावळद्याच्या पुलावरून तापी ओलांडली की शिरपूर तालुका लागतो.

तांड्याची धावपट्टी महामार्गापासून फार आत नाही. आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते. ही पर्यटनाची जागा नाही. तिकीट नाही, गॅलरी नाही, आणि परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. तसंच असायला हवं, आत मुलं जीव मुठीत धरून शिकत असतात. कुंपणावर चढू नका, मुलांना चढू देऊ नका. ड्रोन तर घरीच ठेवा, धावपट्टीच्या आसपास परवानगीशिवाय ड्रोन उडवणं हा गुन्हा आहे. पतंगसुद्धा नको, संक्रांतीच्या दिवसांत हे मुद्दाम सांगावं लागतं. शाळेची सहल न्यायची असेल तर मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र आधी पाठवून विचारावं, ऐनवेळी फाटकावर जाऊन विनवण्या करू नयेत. बाकी आपल्यासारख्यांना सार्वजनिक रस्त्याच्या कडेला, गाडी पूर्ण खाली उतरवून, झाडाखाली उभं राहिलं तरी पोटभर बघायला मिळतं.

आम्हाला मिळालं. साडेनऊच्या सुमारास पहिलं विमान दिसलं. पांढरं, दोन माणसांपुरतं, आपल्या मारुतीपेक्षा फार मोठं नाही. ते उतरलं, चाकं टेकली आणि थांबायच्या आत पुन्हा आवाज वाढवून वर गेलं. लेक ओरडली, ‘अगं, ते थांबलंच नाही!’ याला टच अँड गो म्हणतात. धावपट्टीच्या बाजूने आयताकृती घेरा घ्यायचा, टेकायचं, परत उडायचं. त्या घेऱ्याला सर्किट म्हणतात आणि शिकणाऱ्याची पहिली कित्येक तासांची कमाई तेवढीच असते. उडण्यापेक्षा उतरणं अवघड, म्हणून तेच पुन्हा पुन्हा.

शेजारच्या शेतात एक बाबा हरभऱ्याला पाणी देत होते. आम्हाला बघून बांधावर आले. ‘इमान देखाले उनात का?’ म्हणजे, विमान बघायला आलात का? मग त्यांनी आम्हाला अर्धा तास शिकवलं. धावपट्टीजवळ खांबावर नारिंगी-पांढरी कापडी पिशवी फडफडत असते ना, तिच्याकडे बघा म्हणाले. ‘वारा जथाईन ई, तथा तोंड करीसन उतरस ते.’ वारा ज्या बाजूने येतो तिकडे तोंड करून विमान उतरतं. अगदी बरोबर. समोरून वारा असला की पंखांना उचल मिळते आणि जमिनीवरचा वेग कमी राहतो, थोड्या जागेत थांबता येतं. म्हणून बघायला उभं राहण्याआधी ती पिशवी बघा. वारा पश्चिमेचा असेल तर विमान पूर्वेच्या टोकाकडून येणार, मग त्या बाजूला झाड शोधा. धावपट्टीच्या टोकाला रंगवलेले आकडेही दिशेचेच असतात. होकायंत्राच्या अंशातलं शेवटचं शून्य काढलं की तो आकडा, ९० अंशाला ०९, २७० अंशाला २७.

मग एक प्रसंग घडला तो जसाच्या तसा लिहिते. एक विमान उतरायला आलं, पण डावा पंख जरा खाली. चाक टेकलं, विमान उसळलं, पुन्हा टेकलं, पुन्हा उसळलं. आमचा श्वास अडकला. बाबा शांतपणे म्हणाले, ‘आते उठी.’ आणि खरंच इंजिनाचा आवाज चढला, विमान उठलं, पूर्ण घेरा मारून परत आलं. या खेपेला असं टेकलं की धूळसुद्धा उडाली नाही. माझ्या लेकीने टाळ्या वाजवल्या. आत बसलेल्याला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, पण तिला राहवलं नाही. वहीत ती विमानांच्या शेपटीकडची अक्षरं लिहून घेत होती. भारतातल्या प्रत्येक नागरी विमानाची नोंदणी ‘व्हीटी’ या अक्षरांनी सुरू होते, हे तिने आम्हाला सांगितलं.

अकराच्या पुढे आभाळ रिकामं व्हायला लागलं. त्याला कारण आहे. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरून हवेचे झोत वर येतात, हलकं विमान त्यात गदागदा हलतं. शिवाय गरम हवा विरळ, पंखांना उचल कमी मिळते आणि उडायला धावपट्टी जास्त लागते. आपल्याकडचा मे महिना आठवा म्हणजे कळेल. तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा, सकाळी नऊ ते अकरा किंवा उन्हं कलल्यावर. दुर्बीण असेल तर आणा, टोपी आणि पाणी तर हवंच. विमान दिसेलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही, तेवढी तयारी मनाची ठेवा.

शिकणाऱ्यांबद्दल घरी बोलणं व्हावं म्हणून हेही लिहिते. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळायला किमान २०० तास उड्डाण लागतं, वय १८ पूर्ण, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, आणि डॉक्टरी तपासणी कडक. माझ्या लेकीने ‘गणित’ ऐकून खाली मान घातली, मग म्हणाली, करते.

आणि हे काम जोखमीचं आहे. १६ जुलै २०२१ला एक प्रशिक्षण विमान चोपडा तालुक्यात वर्डी शिवाराजवळ सातपुड्यात कोसळलं. प्रशिक्षक गेले, शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली. तिथवर रस्ता नव्हता, रुग्णवाहिका पोचत नव्हती. तेव्हा पाड्यावरच्या एका आदिवासी बाईने अंगावरची साडी सोडून दिली आणि तिची झोळी करून लोकांनी त्या मुलीला डोंगरातून खाली आणलं. मी हे लेकीला लपवून ठेवलं नाही. विमान बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ती साडी माहीत असावी असं मला वाटतं.

शिरपूर गावात आम्ही फक्त जेवलो. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा, कच्चा कांदा. महामार्गावरच्या एका ढाब्यावर बिल ताटापेक्षा तिखट आलं, म्हणून भाव आधी विचारून बसा. एक तास हाताशी असेल तर मात्र तालुक्यातला एखादा खोल केलेला नाला जरूर बघा. २००४पासून इथे भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी आमदार अमरीशभाई पटेलांच्या साथीने जे काम केलं तेच शिरपूर पॅटर्न. नाले रुंद आणि खूप खोल खणायचे, त्यावर ओळीने बिनदाराचे सिमेंट बंधारे घालायचे. पाणी मुरू न देणारा थर फोडला की ते खाली जातं आणि आजूबाजूच्या विहिरींना लागतं. आमच्या हरभरावाल्या बाबांच्या पाटातलं पाणी कुठून येतं, हे त्याने कळतं. काठ उभे असतात आणि पाणी खोल, मुलांचा हात सोडू नका.

तीनच्या सुमारास थाळनेर गाठलं. शिरपूरहून अर्ध्या तासाची वाट. विमानं न दिसल्यामुळे तुमचा दिवस फुकट गेला असेल तर तो इथे भरून निघेल. तापीच्या उत्तर काठावरचं हे लहानसं गाव एके काळी खानदेशची राजधानी होतं. १३७०मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजाला हा मुलूख दिला, त्याने इथे बस्तान बसवलं आणि फारुकी घराणं सुरू झालं. बुऱ्हाणपूर आणि असीरगड ही त्याच्या मुलाची, मलिक नासिरची कामगिरी, पण सुरुवात इथली. फारुकींच्या कबरी गावातच आहेत, त्यातली एक अष्टकोनी. तिच्या भिंतीवरचं दगडी कोरीवकाम तिरप्या उन्हात बघा. दुपारी सपाट दिसणारी नक्षी चार वाजता उठून येते. मी हात लावायला गेले आणि मागे घेतला, कारण शेजारच्या दगडावर कोणीतरी खिळ्याने नावं कोरली होती. पोरांना आवरा, एवढीच विनंती.

किल्ला म्हणजे आता नदीवर झुकलेला मातीचा मोठा उंचवटा, बुरुजांचे आणि तटाचे उरलेले तुकडे. २७ फेब्रुवारी १८१८ला हिस्लॉपच्या इंग्रज फौजेने तो घेतला. होळकरांनी तहात मुलूख सोडला होता, पण किल्लेदार तुळशीराम मामा किल्ला द्यायला तयार नव्हते. शेवटच्या दरवाजात दोन इंग्रज अधिकारी मारले गेले, त्यावर आतल्या सुमारे ३०० माणसांची कत्तल झाली आणि किल्लेदारांना बुरुजावर फाशी दिली. तिथे एक पाटी असायला हवी होती. आम्हाला दिसली नाही.

गावात कोणालाही विचारलं तरी आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगतात. लता मंगेशकरांचं आजोळ थाळनेर. त्यांच्या आई इथल्या लाड घराण्यातल्या. त्यांच्या आवाजातल्या गुजराती गरब्यांचा धागा इथल्या आजीपर्यंत जातो हे कळल्यावर माझा भाऊ, जो सहसा बोलत नाही, दोन मिनिटं नदीकडे बघत उभा राहिला.

जाण्याबद्दल: शिरपूरला रेल्वे नाही, जवळचं स्टेशन नरडाणा, भुसावळ-सुरत मार्गावर. तिथून शिरपूरला वाहन मिळतं. थाळनेरला स्वतःची गाडी बरी, एसटीने जाणार असाल तर परतीची शेवटची गाडी उतरल्या उतरल्या विचारून घ्या. नदीकडच्या कडा ठिसूळ आहेत, पावसाळ्यात तिकडे जाऊ नका. गावात हॉटेल म्हणण्यासारखं काही नाही, खायचं शिरपूरहून बांधून आणा. अंधार पडायच्या आत महामार्गाला लागा.

आम्ही साडेपाचपर्यंत बुरुजावर बसलो होतो. खाली तापी संथ, पलीकडे मुडावदच्या बाजूला, जिथे पांझरा येऊन मिळते, तिथे धूर चढत होता. तेवढ्यात पश्चिमेकडून तीच घरघर आली. लेक उठून उभी राहिली, वही उघडली, पण विमान उन्हात होतं आणि अक्षरं दिसेनात. तिने नुसती वेळ लिहिली, पाच वाजून अडतीस, आणि पुढे ‘थाळनेरवरून’.