हायफनवाली विशेषणं, चालू प्रगती

इंग्लिश उच्चारांच्या सरावात सध्या बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त हायफनवाली विशेषणं धरलीत. सिलेबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा, मोजणं त्यातल्या त्यात सोपं, हायफनला तोडायचं आणि दोन्ही बाजू वेगळ्या मोजायच्या. ब्लू-आइड दोन, ओल्ड-फॅशन्ड तीन, अ‍ॅबसेंट-माइंडेड चार. गडबड होते ती शेवटच्या एडची (-ed). त्याआधी ट किंवा डचा आवाज असेल तर ते वेगळं सिलेबल होतं, म्हणून शॉर्ट-सायटिड, लेफ्ट-हँडिड, बाकी बहुतेक ठिकाणी नुसता ड नाहीतर ट मागे चिकटतो. थ्री-लेगिड मात्र हट्टी, ग असूनही बरेच जण इड म्हणतात. आणि मिडल-एज्डमधलं एज्ड एकच सिलेबल, पण म्हातारा या अर्थाने नामाआधी आलं की एजिड!

खरा वेळ खातोय तो जोर, म्हणजे शब्दाचा कुठला भाग ठासून म्हणायचा ते. ‘शी इज वेल-नोन’ म्हणताना मुख्य जोर नोनवर, पण ‘वेल-नोन रायटर’ म्हटलं की तो उचलून वेलवर येतो, कारण रायटरच्या सुरुवातीलाच जोर आहे आणि इंग्लिशला दोन जोर असे खेटून आलेले चालत नाहीत. सेकंड-हँड कार, ब्रँड-न्यू फोन, सगळीकडे हेच. याला स्ट्रेस शिफ्ट म्हणतात. जॉन वेल्स यांच्या लाँगमन प्रोनन्सिएशन डिक्शनरीत अशा शब्दांपुढे डावीकडे तोंड केलेला छोटा त्रिकोण असतो, तो दिसला की समजायचं हा सरकणारा आहे. टाइम-कन्झ्युमिंग, माउथ-वॉटरिंग यांना ही भानगडच नाही, जोर कायम पहिल्या भागावर, त्यामुळे ती आधी उरकून टाकली.

माझ्या मते नुसती यादी पाठ करून काही होत नाही, तोच शब्द एकदा वाक्याच्या शेवटी आणि एकदा नामाआधी असं जोडीने रेकॉर्ड करून ऐकायचं, फरक लगेच कानात येतो. त्यातच हेही कळतं की बोलताना हायफनपाशी कोणी थांबत नाही, फर्स्ट-क्लासमधला ट गायब होतो, वन-आइड तर सरळ वनाइड.

आता तीन तुकड्यांची घेतलीत. अप-टू-डेट एकटं असलं की जोर डेटवर, अप-टू-डेट लिस्टमध्ये अपवर, आणि मधला टू इतका बारीक होतो की फक्त ट ऐकू येतो. स्टेट-ऑफ-द-आर्ट अजून नीट जमत नाहीये, ऑफ फारच ठळक येतोय.