पान १४३
पुण्यात एका छोट्या प्रकाशनात प्रॉडक्शन बघतो, अकरा वर्षं झाली. नवीन पुस्तक बाजारात येऊन नऊ दिवस झाले होते, सकाळीच विक्रीच्या ताईंनी व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली, "आपलंच आहे का रे हे?" कुठल्यातरी ग्रुपवर फिरत होती, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. आमची आवृत्ती हजार प्रतींची, ती खपायलाच दोन-तीन वर्षं लागतात, पोटात गोळाच आला.

चोरीची पीडीएफ लगेच ओळखू येते. मोबाईलने फोटो काढलेले, पानं तिरकी, शिवणीजवळ अक्षरं वाकलेली, कुठेतरी कोणाचा तरी अंगठा. ही तशी नव्हती. कोपऱ्यात क्रॉपमार्क, म्हणजे छापल्यावर कागद कुठे कापायचा त्या खुणा, होते आणि अक्षर कितीही मोठं केलं तरी फुटत नव्हतं, म्हणजे स्कॅन नाहीच, आमच्याच कॉम्प्युटरवरून निघालेली फाइल. मग पान १४३ उघडलं. तिथे 'दिन'चं 'दीन' झालेलं मी दुसऱ्या प्रुफात, म्हणजे छपाईआधी तपासायच्या दुसऱ्या प्रतीत, पकडलं होतं, छापील पुस्तकात ते दुरुस्त आहे. यात 'दीन'च होतं. म्हणजे दुसरं प्रूफ, आणि ते गेलं होतं फक्त प्रूफरीडरला, पुस्तकाच्या कण्याची जाडी काढायला मुखपृष्ठवाल्याला आणि लेखकाला.

साहेबांनी मात्र थेट डीटीपीच्या पोराचं नाव घेतलं आणि त्याचा मोबाईल मागून घेतला. मला हे अजिबात पटलं नाही, आपल्याकडे संशय कायम सगळ्यात कमी पगाराच्या माणसापासून सुरू होतो.

दुपारी लेखकांना फोन लावला. ते अगदी सहज म्हणाले, "अहो, मीच पाठवली मित्राला. त्याच्या डोळ्यांचा पडदा गेलाय, छापलेलं दिसत नाही, मोबाईलवर बोटांनी मोठं करून एकेक ओळ वाचतो. तुम्ही ई-बुक काढणार नाही म्हणालात ना." पुढे मित्राच्या नातवाने कौतुकाने ती ग्रुपवर टाकली.

तोपर्यंत वकील तक्रारीचा मसुदा घेऊन बसलेले. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३, सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते दोन लाख दंड, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवलाय. पण त्याच कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये दिव्यांगांना वाचता येईल अशी प्रत करून द्यायला मुभा आहे. म्हणजे आजोबांच्या मोबाईलमधली प्रत कदाचित गुन्हा नाही, आणि तीच फाइल नातवाने पुढे ढकलली की गुन्हा. ई-बुक नको, लगेच लीक होतं, असं ज्या मीटिंगमध्ये ठरलं तिथे मीही मान डोलावली होती, ते डोक्यातून जात नाहीये.

मी साहेबांना सांगितलं, तक्रार करायची तर मी सही करणार नाही. ते चिडले, पण मसुदा अजून ड्रॉवरमध्येच आहे. ग्रुपच्या ॲडमिनने फाइल काढून टाकली, संध्याकाळी ती टेलिग्रामवर दिसली.

पोराला मोबाईल सहा वाजता परत मिळाला. सॉरी कोणी म्हटलं नाही, मीही नाही. काल त्याच्याकडून पुढच्या पुस्तकाचं प्रूफ आलं, कोणी सांगितलेलं नसताना प्रत्येक पानाखाली बारीक अक्षरात तारीख आणि माझं नाव टाकलेलं.