करंज अडीच हजारांचा

मार्चअखेरीस आमच्या कोपऱ्यावरच्या बागेत सात झाडांवर नोटिसा चिकटल्या. जॉगिंग ट्रॅक रुंद करायचा, त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि मधे येणारी झाडं काढायची. तीन करंज, दोन गुलमोहर, एक शिरीष आणि एक भलाथोरला पर्जन्यवृक्ष. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे यावर नागरिकांना हरकत घेता येते. हरकत म्हणजे सह्यांचा अर्ज, एवढंच मला माहीत. पण शेजारची मुलगी, बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती म्हणाली, "काकू, सह्या सगळेच देतात. आपण ही झाडं किती मोलाची, याचा हिशोब देऊ." मी गणिताची निवृत्त शिक्षिका. हिशोब म्हटल्यावर फसलेच.

पहिल्या दिवशी ब्लाउज शिवताना वापरते ती टेप घेऊन गेले. ती दीडशे सेंटिमीटरची. पहिल्याच करंजाला पुरली नाही. मग सुतळी गुंडाळायची, खूण करायची आणि सुतळी मोजायची. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर घ्यायचा, हा नियम. गुलमोहराला हा नियम ठाऊक नसतो. तो गुडघ्याएवढ्या उंचीवरच दोन फांद्यांत फुटलेला. अशा वेळी दोन्ही खोडांचे व्यास मोजून त्यांच्या वर्गांची बेरीज करायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. पायथागोरस असा बागेत भेटेल असं वाटलं नव्हतं.

मोठ्या करंजाचा घेर १८८ सेंटिमीटर भरला. ३.१४ ने भागलं, व्यास साठ. उंची अंदाजे बारा मीटर, लाकडाची घनता ०.६ धरली. उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी जे सूत्र वापरतात त्यात हे घातलं, तर जमिनीवरचं सुकं वजन आलं सुमारे १,३७० किलो. त्यातला निम्मा कार्बन. त्याला ३.६७ ने गुणलं की हवेतून ओढलेला कार्बन डायऑक्साइड, अडीच टन. हवेतून असा वायू काढण्याला टनामागे हजार रुपये भाव धरला, तर करंजाच्या सगळ्या आयुष्याची कमाई अडीच हजार रुपये. त्याच्याखाली जे सिमेंटचं बाकडं आहे, ते नक्की याहून महाग असणार. ती मुलगी रडवेली झाली. मी दोनदा ताळा केला. बरोबर होतं.

मग आम्ही मोठे आकडे शोधायला निघालो. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या एका समितीने एका झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरली होती. वाचून आम्ही उडालोच. पण त्यातले ४५,००० नुसत्या ऑक्सिजनचे. हवेत एकवीस टक्के ऑक्सिजन आधीच आहे. एक करंज तोडल्याने कोणाचा श्वास अडत नाही, आणि सुनावणीत कोणी हे विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरीकडे लंडनने २०१५ मध्ये आय-ट्री नावाच्या पद्धतीने शहरातली झाडं तोलली. ८४ लाख झाडं, वर्षाला १३ कोटी २७ लाख पौंडांचा फायदा. ऐकायला केवढं! झाडामागे भागा, जेमतेम सोळा पौंड. त्यांनी कार्बन, प्रदूषण, पावसाचं पाणी असं जे मोजता येतं तेवढंच धरलं होतं. मला ते जास्त प्रामाणिक वाटलं, पण आमच्या पोटात गोळा आला तो आलाच.

तेव्हा ठरवलं, रुपये राहू देत, इथे जे घडतंय ते मोजू.

कोरोनात घेतलेली कपाळाची थर्मामीटर गन मी पेव्हर ब्लॉकवर रोखली. तिने आकडाच दाखवला नाही, नुसतं "हाय". ती ताप मोजायला केलेली, त्रेचाळीसच्या वर तिला काही समजत नाही. मग एसी दुरुस्त करणाऱ्याकडून त्याची मागून आणली. एप्रिलमधली दुपार, दोन वाजलेले. आधीच ब्लॉक बसवलेल्या कोपऱ्यात ५७ अंश. तिथून वीस पावलांवर करंजाखालच्या पाचोळ्यावर ३४.

पाण्यासाठी तेलाच्या डब्याची दोन्ही बुडं कापली, डबा मातीत ठोकला आणि लिटरभर पाणी ओतलं. पाचोळ्याखालच्या मातीने ते चार मिनिटांत गिळलं. लोकांनी चालून चालून घट्ट केलेल्या पायवाटेवर अर्ध्या तासानेही तीन बोटं पाणी तसंच. माळीकाका बघत होते. म्हणाले, "हे मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

माणसं मोजणं सगळ्यात अवघड गेलं. एक पद्धत अशी की लोक बागेत यायला किती खर्च करतात ते विचारायचं, त्यावरून त्यांना बाग किती मोलाची हे काढायचं. रोज सकाळी काठी टेकत येणाऱ्या आजींना विचारलं. "चालत येते गं, पैसे कसले?" म्हणजे आजींचा हिशोब शून्य, आणि लांबून गाडी काढून रविवारी येणाऱ्याचा दोनशे. हा तक्ता आम्ही फाडला. दुसरी पद्धत, बाग टिकावी म्हणून महिन्याला किती द्याल? एक गृहस्थ म्हणाले, "टॅक्स भरतो ना मी?" वर, आम्ही कोणत्या पक्षाच्या, हेही विचारून घेतलं.

शेवटी वही घेऊन नुसत्या बसलो. आणि तेव्हा जे दिसलं ते तीस वर्षं इथे राहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाग सकाळी दहाला बंद होते, चारला उघडते. म्हणजे ते तेवीस अंशांचं अंतर ज्या वेळात पडतं, त्या वेळात फाटकाला कुलूप. पर्जन्यवृक्षाच्या फांद्या मात्र भिंतीबाहेर फुटपाथवर आलेल्या. तिथे दुपारी एक ते तीनमध्ये आम्ही एकेचाळीस माणसं मोजली. डबे पोचवणारे, रिक्षावाले, एक उसाच्या रसाची गाडी, गाडीच्या सीटवर आडवा होऊन झोपलेला डिलिव्हरीवाला पोरगा. आत चिटपाखरू नाही.

सुनावणीला चौदा पानं नेली. साहेबांनी रुपयांची पानं भराभर उलटली. मला जरा बरंच वाटलं. तापमानाच्या तक्त्यावर थांबले, बोट ठेवून वाचलं, मग वर पाहिलं.

"मॅडम, दुपारी दोनचं रीडिंग आहे हे. बाग तेव्हा बंद असते. तुम्ही आत कशा गेलात?"

माळीकाकांचं नाव घेणं शक्य नव्हतं. "उडी मारून," मी म्हटलं. वय वर्षं त्रेसष्ट.

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी ते पान फाइलमधून काढून वेगळं ठेवलं. ट्रॅक आता करंजांना वळसा घालून जाणार आहे. गुलमोहर गेले. पर्जन्यवृक्षाचा निर्णय अजून लागायचा आहे, आणि फाटक दुपारी उघडं ठेवावं असा वेगळा अर्ज आम्ही परवा दिला.